सरड्याची धाव काचेपर्यंत?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमाराला रेक्टर म्हणून नेहमीचा राउंड मारत होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत दिवा चालू, चार डोकी टेबलाभोवती गोळा, आणि मला बघताच चौघंही एकदम अभ्यासाला लागलेली! ज्यांनी होस्टेलवर चार वर्षं काढली आहेत त्यांना सांगायला नको, की रेक्टर दिसल्यावर जो पोरगा पुस्तक उघडतो त्याच्या खोलीत काहीतरी असतंच. इलेक्ट्रिकची शेगडी असेल असं समजून आत गेलो. तर टेबलावर माशांची काचेची टाकी. दोन फुटी. आत पाणी नाही, मासे नाहीत. तळाला वाळू, कडेला एका वाटीत पाणी, एक वाळकी काटकी, आणि त्या काटकीच्या पार टोकाला, झाकणाच्या जाळीला नाक लावून बसलेला एक सरडा.

उन्हात मान वरखाली करत बसणारा आपला नेहमीचा सरडा नव्हे. शॅमेलिऑन. आपल्याकडे कुणी त्याला घोयरा सरडा म्हणतं, कुणी सरडगुहिरा. दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, शेपटीची गुंडाळी करणारा, आणि एक पाऊल टाकायच्या आधी व्हायव्हात प्रश्न आल्यासारखा मागे-पुढे डुलत विचार करणारा.

"सर, मागच्या कुंपणात सापडला. मांजर खाणार होती त्याला," एकजण म्हणाला.

"आणि इथे तो काय करणार?"

"सर, छप्पन्न लिटरची टाकी आहे. हा केवढासा! याच्यापेक्षा आम्ही जास्त गर्दीत राहतो."

खरं सांगतो, मला हसू आलं. दोघांच्या खोलीत तिघं आणि परीक्षेच्या दिवसांत पाच राहतात हे मला माहीत नाही असं थोडंच आहे! पण खोलीवर परत आलो तरी ते "छप्पन्न लिटर" डोक्यातून जाईना. कारण त्या पोराचं उत्तर चुकीचं होतं, आणि तरी ते अगदी इंजिनिअरचं उत्तर होतं. आपण सगळे असेच विचार करतो. पेटी किती मोठी, तर घनफळ सांगायचं. खोली किती मोठी, तर चौरस फूट सांगायचे. आत राहणार कोण, तो कसा बसतो, कुठे झोपतो, कुठून पाणी पितो, हे रकाने आपल्या फॉर्ममध्ये नसतातच.

मित्रहो, या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे: घनफळ म्हणजे घर नव्हे. आणि हे पटवायला काचेच्या टाकीपेक्षा चांगलं मॉडेल मला दुसरं सापडलेलं नाही.

आधी साधा हिशोब करू. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी घ्या. घनफळ दोन घनफूट, म्हणजे आपल्या पोराचे छप्पन्न लिटर बरोबर आहेत. टाकी आडवी ठेवली तर जमीन मिळते दोन चौरस फूट, उंची एक फूट, आणि चारी बाजूंच्या भिंतींचं क्षेत्रफळ सहा चौरस फूट. आता हीच टाकी उचला आणि लहान बाजूवर उभी करा. घनफळ तेवढंच. एक थेंब कमी नाही की जास्त नाही. पण जमीन झाली एक चौरस फूट, उंची झाली दोन फूट, आणि भिंती झाल्या आठ चौरस फूट. कासवासाठी तुम्ही घर निम्मं केलंत. झाडावर चढणाऱ्यासाठी मात्र उंची दुप्पट केलीत. काच तीच, लिटर तेच, आणि एकाचं नुकसान तो दुसऱ्याचा फायदा. मग "टाकी केवढी" या प्रश्नाला अर्थ काय राहिला?

झाडावरच्या प्राण्याला जमीन म्हणजे संकट. खाली मांजर, खाली मुंगूस, खाली माणसाचा पाय. शॅमेलिऑनची पावलं बघा. बोटं दोन आणि तीन अशी जोडलेली, चिमट्यासारखी. ती फांदी पकडायला घडवली आहेत. सपाट वाळूवर तो बूट घालून पोहायला निघालेल्या माणसासारखा दिसतो. मादी अंडी घालण्यापुरती खाली उतरून माती उकरते. एरवी त्याचं सगळं आयुष्य फांद्यांवर. एक फूट उंचीच्या टाकीत तो नाक झाकणाला लावून का बसला होता, ते आता कळेल. तो "मजेत वर बसलेला" नव्हता. त्याला अजून वर जायचं होतं, आणि वर संपलं होतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २००१ साली मी याच कॉलेजात सेकंड इयरला होतो आणि आमच्याही खोलीत असाच एक शॅमेलिऑन होता. टाकीसुद्धा नव्हती. बुटांचा खोका, वर मच्छरदाणीचा तुकडा. आम्ही त्याला मेसमधली झुरळं पकडून द्यायचो (त्या बाबतीत मेसने कधीच कमी पडू दिलं नाही), वाटीत स्वच्छ पाणी ठेवायचो, रोज बदलायचो. नवव्या दिवशी सकाळी तो मेलेला होता. डोळे खोल गेले होते. वाटीतलं पाणी जसंच्या तसं. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं, की हा प्राणी वाटीतलं पाणी सहसा ओळखतच नाही. पानावरचे दवाचे आणि पावसाचे थेंब चाटून तो तहान भागवतो. म्हणजे आम्ही त्याला नऊ दिवस, रोज पाणी बदलून, तहानेने मारलं होतं. आमच्यातला एकही वाईट मुलगा नव्हता. म्हणूनच त्या रात्री मी या चौघांवर ओरडू शकलो नाही.

आता थोडं अमेरिकेत जाऊ, कारण टाकी उभी करायचा धडा मी तिकडे गिरवला. २००७ साली एमएससाठी गेलो, तेव्हा माझा नागपूरचा रूममेट एके रविवारी तिथल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनातून एक क्रेस्टेड गेको घेऊन आला. गेको म्हणजे आपली पालच, पण हिचा थाट वेगळा. डोळ्यांवर भुवयांसारखे काटे, पापण्याच नाहीत, त्यामुळे जिभेने डोळे पुसणार. मूळची पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरची. १८६६ साली शास्त्रज्ञांनी नोंद केली, पुढे ही जात नष्ट झाली असं सगळे धरून चालले, आणि १९९४ साली ती पुन्हा जिवंत सापडली! आज तिकडे पाळल्या जातात त्या सगळ्या माणसांच्या घरी अंड्यातून निघालेल्या. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "शिकायला गेलास का पाली पाळायला?" आम्ही त्याचं नाव आप्पा ठेवलं, कारण चेहरा तसा होता. कायम कुणीतरी हिशोब चुकवल्यासारखा.

आप्पांची टाकी होती तिकडची "वीस गॅलन हाय". २४ इंच लांब, १२ इंच रुंद, १६ इंच उंच. विकणाऱ्याने आडवीच दिली आणि आम्ही आडवीच ठेवली. गेको निशाचर. रात्री दोन वाजता असाइनमेंट करताना बघावं तर आप्पा झाकणाच्या कोपऱ्यात उलटे चिकटलेले. तळाला कधी म्हणून उतरायचे नाहीत. २४ इंच लांबीची जमीन आम्ही दिली होती आणि त्यांना ती नकोच होती. तेव्हा ठरलं, टाकी उभी करायची. दोघंही मेकॅनिकलचे. म्हटलं एका संध्याकाळचं काम. लागले तीन आठवडे!

तुमच्यापैकी अनेकजण हे काम करू शकतात, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

टाकी लहान बाजूवर उभी केली की तिचं उघडं तोंड समोर येतं, जुना तळ मागची भिंत होतो, आणि एक बाजूची काच छत होते. उघडं तोंड म्हणजे आता दरवाजा. खालचे तीन-चार इंच काचेची पट्टी चिकटवून बंद करायचे, म्हणजे माती आणि ओल बाहेर येत नाही. त्याच्या वर बिजागरीवर दार. चिकटवायला सिलिकॉन. पण हार्डवेअरच्या दुकानातलं कुठलंही सिलिकॉन नाही. बाथरूमसाठी मिळतं त्यात बुरशीनाशक असतं, ते प्राण्याला घातक. फिश टँकसाठीचं घ्यायचं. ते सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्यातून ॲसिटिक ॲसिड बाहेर पडत असतं. तो वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे काही दिवस, प्राणी आत ठेवायचा नाही. आणखी एक. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धड बसत नाही. ब्लेडने खरवडून, स्पिरिटने पुसून मगच लावायचं. आम्ही पहिल्यांदा हे केलं नाही, आणि पट्टी तिसऱ्या दिवशी हातात आली.

पण खरी चूक दुसरीच होती. आम्ही दार लावलं ते छान, घट्ट, हवाबंद. टाकी म्हटली की गळती वाईट, हे डोक्यात इतकं बसलेलं! चार दिवसांत काचा आतून घामेजल्या, कोकोपीटवर पांढरी बुरशी आली, आणि खोलीला गोदामाचा वास यायला लागला. आडव्या टाकीला वरून जाळीचं झाकण होतं. उभी करताना ते झाकण आम्ही दारात गमावलं, आणि छत झालं बंद काचेचं. हवा जाणार कुठून?

इथे मेकॅनिकलवाल्यांनी जरा थांबावं. ही काच पाण्यासाठी घडवलेली. फूटभर पाणी भरलं तर तळाशी दाब सुमारे ३००० पास्कल. दोन फुटी टाकीच्या एका लांब काचेवर मिळून साधारण २८ किलोचा रेटा. सगळं डिझाइन त्या रेट्याला तोंड देण्यासाठी. टाकी उभी आणि कोरडी केलीत की हा रेटा शून्य. आता काम उरतं हवा हलवण्याचं. खाली एक जाळी, वर एक जाळी, मध्ये अर्धा मीटर उंची, आतली हवा बाहेरच्यापेक्षा पाच अंश गरम. चिमणीसारखी ओढ किती तयार होते? सुमारे ०.१ पास्कल! ३००० पासून ०.१ वर आलात. जिथे गळती ही शिवी होती, तिथे आता गळतीच जीव वाचवते. वस्तू तीच राहते, प्रश्न मात्र मुळापासून बदलतो, आणि आपण जुन्याच प्रश्नाचं उत्तर घोटवत बसतो. आम्ही मग काचेच्या पट्टीच्या वर दोन इंचांची जाळी आणि दाराच्या डोक्यावर चार इंचांची जाळी बसवली. खालून थंड हवा आत, वरून दमट हवा बाहेर. दोन दिवसांत काचा स्वच्छ झाल्या. संध्याकाळी फवारणी करायची, दिवसा सगळं थोडं सुकू द्यायचं, असं चक्र बसलं.

तिसरा धडा दाराचा. स्वस्त पडेल म्हणून आम्ही ३ मिलिमीटर ॲक्रिलिकचं दार केलं होतं. ॲक्रिलिक ओल शोषतं. आतली बाजू दमट, बाहेरची कोरडी, त्यामुळे दाराने धनुष्यासारखा बाक धरला, खालच्या कोपऱ्यात फट पडली, आणि एका पहाटे आप्पा गायब! दोन रात्री आम्ही टॉर्च घेऊन घर पालथं घातलं. शेवटी फ्रिजच्या मागे, भिंतीवर, नेहमीच्याच नाराज चेहऱ्याने सापडले. मग ६ मिलिमीटरचं दार आणि कडेला ॲल्युमिनियमचा अँगल. स्वस्तातलं दार शेवटी महागातच पडलं.

चौथी गोष्ट तोलाची. दोन बाय एक बाय एकची टाकी आडवी असताना पुढे ढकललीत तर जवळपास ४५ अंश कलल्यावर उलटेल. उभी केलीत की २७ अंशाच्या आसपासच. वर वजनदार फांद्या बांधल्यात तर आणखी आधी. ५ मिलिमीटरच्या काचेची ती टाकी रिकामीच नऊ किलोंच्या पुढे भरते. म्हणून वजन तळाला ठेवायचं (खडे, त्यावर जाळी, त्यावर माती) आणि मागे भिंतीला पट्टीने धरून ठेवायचं. होस्टेलमध्ये तर नक्कीच, जिथे टेबलावर माणसं नाचतात.

आणि शेवटी आतलं घर. नुसती उंच पेटी म्हणजे रिकामी लिफ्ट. उंचीला अर्थ येतो तो फांद्यांनी. काही आडव्या, काही तिरक्या, पकडीत मावतील अशा वेगवेगळ्या जाडीच्या. मागच्या भिंतीला झाडाची साल. मनीप्लांटसारखा वेल, म्हणजे लपायला जागा आणि पाण्याचे थेंब धरायला पानं. हे झाल्यावर आप्पा पहिल्या रात्री तळापासून छतापर्यंत चारदा फिरले. उडी मारली, पानावरचं पाणी चाटलं, आणि सालीच्या मागे जाऊन झोपले. महिनाभर ज्याला आम्ही आळशी म्हणत होतो तो आळशी नव्हताच. त्याला करायला काही नव्हतं.

"मग सर, आम्हीपण टाकी उभी करतो, फांद्या लावतो, सरडा ठेवतो!" त्या चौघांतला एकजण हे सगळं ऐकून दुसऱ्या दिवशी म्हणालाच. त्याला दिलेलं उत्तर इथे सगळ्यांसाठी.

पहिलं कारण कायद्याचं. आपल्या रानातला शॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. पकडणं आणि बाळगणं हा गुन्हा, त्यात दंड आणि तुरुंगवास दोन्हींची तरतूद आहे. "मांजरापासून वाचवला" हे खरं असलं तरी पुढची पायरी वनखात्याला फोन ही आहे, खोलीतली टाकी नाही. एक हौस आणि कायमची केस, हा सौदा कुणी करू नये.

दुसरं कारण काचेचं. दिवसा उन्हात बसणाऱ्या या प्राण्याला हाडांसाठी अतिनील किरण लागतात, आणि साधी काच नेमके तेच किरण बरेचसे अडवते. टाकी खिडकीत ठेवलीत तर ऊन मिळाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात आत भट्टी तयार होते आणि हवे ते किरण बाहेरच राहतात. शिवाय काचेत त्याचं प्रतिबिंब दिसतं. एकटं राहणाऱ्या प्राण्याला ते सतत समोर उभ्या असलेल्या दुसऱ्या शॅमेलिऑनसारखं वाटतं, असं पाळणाऱ्यांचा अनुभव सांगतो. म्हणून जिथे कायद्याने शॅमेलिऑन पाळता येतात तिथेही जाणते लोक त्यांना चारी बाजूंनी जाळीच्या, उंच पिंजऱ्यात ठेवतात. टाकी उभी करणं गेकोला पुरलं. शॅमेलिऑनला ते पुरत नाही.

तिसरं कारण हवेचं. "मग सर, आप्पांसारखा गेको?" क्रेस्टेड गेकोला २२ ते २६ अंश मानवतं. २८-२९ च्या वर त्याचे हाल सुरू होतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये ४० अंश, आणि लोडशेडिंग नसलं तरी वसतिगृहाच्या खोलीत एसी नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही घरी जाणार, मग तो कुणाकडे? आणि शहरातल्या दुकानांत वीतभर हिरवा इग्वाना दिसला म्हणून भुलू नका. तो झाडावर राहणारा खरा, पण वाढून पाच फुटांच्या पुढे जातो. त्याला टाकी आडवी काय नि उभी काय! इग्वानासारखे सायटीस यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणीही करावी लागते. दुकानदार हे सगळं सांगेलच असं नाही.

कुणी म्हणेल, सर तुम्ही स्वतः पाळलात आणि आम्हाला उपदेश करता. रास्त आक्षेप आहे. मी प्राणी पाळण्याच्या विरोधात नाही. माणसाच्या घरी जन्मलेला, तिथली हवा मानवणारा, पुढची दहा-पंधरा वर्षं कुणीतरी जबाबदारी घेतलेला प्राणी नीट घडवलेल्या पेटीत चांगला जगू शकतो. आप्पा जगले. आम्ही शिकून परत निघालो तेव्हा तिथल्याच एका प्राध्यापक बाईंनी ते टाकीसकट नेले. माझा आक्षेप आहे तो उलट क्रमाला. हातात टाकी आहे म्हणून प्राणी शोधायचा, हा उलटा क्रम. आपण प्रोजेक्टसुद्धा असेच करतो! लॅबमध्ये कुठलं तरी किट पडून आहे, म्हणून त्याला साजेसा प्रॉब्लेम शोधायचा. आधी राहणाऱ्याची यादी करा: तो चढतो की चालतो, पाणी कुठून पितो, ऊन किती, हवा किती, किती वर्षं. मग पेटी काढा. आणि यादी पूर्ण होत नसेल तर पेटी रिकामी ठेवण्याची हिंमत ठेवा.

आता त्या रात्रीच्या सरड्याचं पुढे काय झालं ते सांगतो. सकाळी वनखात्याला फोन केला. त्यांचा माणूस आला, त्याने सरडा नीट पाहिला, पोरांना चार शब्द सुनावले, आणि जिथे सापडला होता तिथेच, मागच्या मेंदीच्या कुंपणात, त्याच्यासमोर पोरांनी तो सोडला. नुकताच पाऊस पडून गेला होता. सरड्याने पहिल्यांदा काय केलं असेल? समोरच्या पानावरचे थेंब चाटले. बराच वेळ. चौघंही गप्प उभे होते. मीही होतो. मला २००१ ची वाटी दिसत होती.

टाकी मात्र वाया गेली नाही. पोरांनी तीन रविवार वर्कशॉपमध्ये घालवून ती उभी केली. दोन जाळ्या, खाली पट्टी, जाड दार, मागे भिंतीला पट्टी, सगळं रीतसर ड्रॉइंग काढून. आत नेचे आणि मॉस लावलं. ती आता कॉमन रूममध्ये आहे, टीव्हीच्या शेजारी. जाऊन बघा. लंडनच्या नॅथानिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने १८२९ साली बंद बाटलीत ओल्या मातीवर एका पतंगाचा कोश ठेवला होता, पतंग बाहेर येताना बघायला म्हणून. त्याचं लक्ष वेधलं ते त्या मातीतून उगवलेल्या नेच्याने! त्यातूनच काचेच्या पेटीत झाडं वाढवायची आणि जहाजाने जगभर नेण्याची पद्धत निघाली. आपल्या टाकीतही सरड्याच्या जागी नेचा उगवला, तर काय बिघडलं?

शेवटी एक मागणी, आणि ती विद्यार्थ्यांपेक्षा माझ्या सहकाऱ्यांकडे जास्त आहे. होस्टेलच्या मागचं ते मेंदीचं कुंपण काढून पक्की भिंत बांधायची आणि पार्किंग वाढवायचं असा प्रस्ताव आहे. नकाशावर ती जागा "वापरात नसलेली" म्हणून दाखवली आहे. अमुक मीटर लांब, अमुक रुंद. पुन्हा तोच हिशोब! राहणारा कोण हा रकाना पुन्हा रिकामा. ते कुंपण छातीएवढं उंच आहे, त्यावर गुळवेल चढली आहे, आत हवा खेळते, पानावर दव पडतं, ऊन गाळून येतं, खाली अंडी घालायला मऊ माती आहे. आम्ही अमेरिकेत तीन आठवडे घासून जे जेमतेम जमवलं, ते इथे फुकट आणि शंभर पटीने चांगलं उभं आहे. भिंत हवीच असेल तर ती कुंपणाच्या बाहेरून जाऊ द्या. दहा मोटारसायकली दुसरीकडे लागतील.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण हिणवायला म्हणतो. त्याला पुरेल एवढी धाव आहे ती. आपण फक्त कुंपण जागेवर ठेवायचं.